पाडीला वाट

शेकोटीत अजून दोन ढलप्या टाक, मुरारी. साखळदंड घेऊन उजाडल्याशिवाय कोणी येत नाही, आणि तुझी गाडी काही स्वतःच्या पायांनी ओढ्यातून वर यायची नाही. तेव्हा बस. हे घे कांबळं. तोंड पाडू नकोस रे, गाडी कलंडली, माणूस नाही.

पण मला एक सांग. कुत्रं आडवं आलं म्हणून तू डावीकडे घेतलीस. बरोबर? मग कुत्र्याचं काय झालं? ते बघ, पलीकडच्या बांधावर बसून मघापासून आपल्यालाच बघतंय. खुशाल आहे. इकडे अर्धी कौलं फुटली, शेठच्या शिव्या उद्या खायच्या आहेत, आणि तुझ्या कपाळाला टेंगूळ. कुत्र्याला तू वाचवलंस असं मनात आणू नकोस. ते त्याच्या चार पायांनी वाचलं. तू फक्त ओढा शोधून काढलास.

तुम्ही दोघं कशाला दात काढताय? तुमचीही चाकावर बसायची पाळी यायची आहे.

मला गाडी चालवता येत नाही, हे आधीच सांगतो. मी ह्या रस्त्यावर मैलकुली. जन्म गेला खड्डे बुजवण्यात नि गटारं उपसण्यात. पण दरीत गेलेल्या गाड्यांतली माणसं वर काढायला दोर कोणी धरला? आम्हीच. म्हणून ह्या बाबतीत मला बोलायचा अधिकार आहे, आणि मी बोलणार.

ही गोष्ट कुशाबाची. कुशाबा ड्रायव्हर, आमच्याच वाडीचा, माझा चुलतभाऊ. त्या रात्री त्याच्या गाडीत माझी थोरली वहिनी होती, गोदूबाई. मी स्वतः तिथं नव्हतो. पण दोघांनी मला वेगवेगळं बसून सांगितलं आणि दोघांचं शब्दाला शब्द जुळलं. वहिनी आणि कुशाबा म्हणजे विळ्याभोपळ्याचं सख्य. कुशाबा पूर्व म्हणाला तर वहिनी पश्चिम म्हणणार. त्या दोघांचं ज्या गोष्टीवर एकमत झालं, ती खोटी कशी म्हणू?

साल सांगतो. पानशेत फुटलं ना, त्यानंतरचा पौष. अष्टग्रही तोंडावर आली होती. तुम्ही तेव्हा शेंबडे होतात, तुम्हाला आठवायचं नाही. आठ ग्रह एका राशीत येणार आणि जग बुडणार, असं सगळीकडे बोललं जात होतं. कोणी सप्ताह बसवला, कोणी होम घातला. आमच्या वाडीत एकाने खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मारून खाल्ल्या, जग बुडणारच तर मागे कोणासाठी ठेवू म्हणाला. जग राहिलं, कोंबड्या गेल्या. तर त्या अष्टग्रहीच्या आधीची ती संकष्टी. चंद्र नवाच्या पुढे उगवणार, तोवर मिट्ट काळोख.

काम अगदी साधं होतं. वाडीचं भात महाडच्या गिरणीवर न्यायचं, भरडून घ्यायचं, तांदूळ घेऊन परत यायचं. प्रत्येक घरच्या भाताबरोबर त्या घरची बाई जायची. पुरुषाला पाठवलं तर तो तिकडे चहा पीत बसतो आणि इकडे कोंडा कमी येतो, कणी कमी येते, आणि बाबाला पत्ताच नाही. बायांचं तसं नाही. दिवसभर गिरणीच्या ओट्यावर बसून डोळ्यांत तेल घालून आपापलं पोतं राखायच्या आणि संध्याकाळी त्याच पोत्यांवर बसून परत यायच्या. त्या दिवशी आठ-नऊ जणी होत्या. बऱ्याच जणींना संकष्टीचा उपास.

गाडी महाडच्या एका व्यापाऱ्याची, जुनी फारगो लॉरी. हँडब्रेक नुसता नावाला. कुशाबा चालवायला, शेजारी दरीच्या बाजूला क्लीनर चांगू. चांगू म्हणजे वाडीच्या येसाजीचा सख्खा भाचा. दोन पोरांचा बाप, मिशीवाला गडी, पण मामाच्या शब्दाबाहेर नाही.

येसाजी कोण ते सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पोलादपूर सोडून कशेडीकडे निघालं की आमच्या वाडीच्या अलीकडे चढ संपतो, जरासा उतार लागतो आणि उतारावरच वळण येतं. उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला दरी. त्याला आम्ही पाडीचं वळण म्हणतो. वाडीत बयाबाई नावाची एकटी बाई होती. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. तिने एक पाडी, म्हणजे गाईची कालवड, वाघजाईला सोडली होती. देवीच्या नावाने सोडलेलं जनावर म्हणजे त्याला जुंपायचं नाही, विकायचं नाही, कोणाच्या शेतात शिरलं तर काठी उगारायची नाही. पाडी देवीची, पण जीव बयाचा. एका तिन्हीसांजेला खालून लॉरी आली. भोंग्याला बिचकून पाडी डोंगरावरून रस्त्यात उतरली, तशीच पलीकडे कडेला गेली आणि घसरली. दाव्याचं टोक बयाच्या हातात होतं. बयाने दावं सोडलं नाही. लॉरीचा धक्कासुद्धा लागला नव्हता कोणाला. पाडी गेली आणि पाठोपाठ बया.

त्यानंतर दोन पावसाळ्यांत त्या वळणावर दोन गाड्या दरीत गेल्या. एका गाडीतला माणूस मरायच्या आधी एवढंच म्हणाला, की पांढरं जनावर आडवं आलं.

मग गावकी बसली. आमच्याकडची गावकी तुम्हाला ठाऊक आहे. कर्ते पुरुष देवळात बसतात, पान खातात आणि काहीतरी ठरवतात. एकदा ठरलं की ठरलं. गाव करील ते राव काय करील! गावकीचा पुढारी हा येसाजी. त्याने काय ठरवावं? की देवीच्या पाडीला वाट मिळत नाही म्हणून ती कोपली आहे. तेव्हा त्या वळणावर आपल्या माणसाने गाडी थेट दरीच्या कडेला घ्यायची, डोंगराचं अंग मोकळं सोडायचं आणि पाडीला वाट द्यायची. पाडी दिसो नाहीतर न दिसो. जो देणार नाही तो वाळीत. वाळीत म्हणजे विहिरीवर पाणी नाही, शेजारच्या चुलीतला विस्तव नाही, मयताला खांदा नाही. पोरीबाळींची लग्नं तर विसरायचीच.

झालं. नियम झाल्यावर पहिल्याच वर्षी आमच्याच बाजूच्या एकाची बांबूची लॉरी खाली गेली. दोर धरायला मी होतो. कडेवर चाकांची खूण मी बघितली, वाकडी नाही, तिकडी नाही. त्याने शहाण्यासारखी वाट दिली होती आणि कडेची माती गाडीसकट खाली उतरली होती. मी येसाजीला जाऊन सांगितलं, अहो, ती कड भुसभुशीत आहे, तिथं बैलगाडी ठरत नाही. तर तो काय म्हणाला ठाऊक आहे?

"त्यानं मनापासून दिली नसंल वाट."

हसू नका. माझ्या अंगाची लाही झाली होती तेव्हा. आजही होते. भूत मी मानतो, बाबांनो. भुताला भिऊन माणसं मारणारे नियम मी मानत नाही.

आता कुशाबाचं बघा. तो गाडी शिकला मुंबईत, भायखळ्याच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. एक, जनावर समोर आलं तर हाथ सीधा, ब्रेक सीधा. भोंगा दे, दाबून ब्रेक मार, पण चाक फिरवू नकोस. जनावर मेलं तर वाईट वाटून घे, घरी जाऊन रड, पण चाक फिरवू नकोस, कारण पाठीमागे माणसं असतात. आणि दुसरी, पुढचं जनावर गेलं म्हणून ब्रेकवरचा पाय काढू नकोस. पहिलं निघून जातं. त्याच्यामागून जे येतं, त्याच्याकडे लक्ष ठेव.

हे सगळं कुशाबाला पाठ. पण वाडीत राहायचं तर गावकीशी वाकडं घेऊन कसं चालेल? दिवसाउजेडी, रिकामी गाडी असली की तो त्या वळणावर कडेला जरा झुकल्यासारखं करायचा. त्यात त्याच्या शकूचं लग्न बिरवाडीला ठरलेलं, फाल्गुनातला मुहूर्त. वाळीत पडला तर सोयरीक मोडली म्हणून समजा. पोरगी सतरा वर्षांची. हे ओझं घेऊन तो त्या रात्री चाकावर बसला होता, आणि पाठीमागे तांदळाची पोती आणि त्यांवर बाया.

पोलादपूर मागे पडलं. बायांच्या गप्पा रंगलेल्या. गोदूवहिनीने टपावर थाप मारली.

"कुशा, दामटव की जरा! चंद्राला दूध दाखवायचं हाय मला."

"चंद्र पळून चाललाय काय, वयनी?"

"चंद्र नाय, पण तुझी ही बैलगाडी बघून तोच मावळायचा."

असं चाललेलं. चढ संपला. उतार लागला. चांगू पुढे सरकून बसला.

"कुशादादा, कडंला घे आता."

"मागं बाया हायत, चांग्या. भरलेली गाडी हाय."

"नियम हाय ना पण."

"नियम दरीत उतरून बगून आलाय काय? कड धरणार नाय."

"मामाला काय सांगू मी?"

कुशाबा म्हणाला, "सांग, कुशानं मधून घेतली."

एवढंच. भोंगा दिला. गिअर खालचा टाकला. गाडी रस्त्याच्या मधोमध ठेवली. वहिनी सांगते, तिला वरूनसुद्धा कळलं, की आज ही गाडी कडेला जात नाहीये. तिने मनात म्हटलं, बरं झालं.

वळण आलं.

आणि बायांचं बोलणं थांबलं. कोणी थांबवलं नाही. आपोआप. 

कुशाबा म्हणतो, आधी डोंगरावरून चार दगड घरंगळले. मग ती आली. पांढरी. हाडकुळी. मान पुढे काढून पळत. खुरांचा आवाज नाही. दिव्याच्या उजेडात तिचा एकच डोळा चमकला.

"वाट दे!" चांगू किंचाळला. "दादा, वाट दे तिला!"

आणि त्याने दोन्ही हातांनी चाक धरलं. दरीकडे ओढलं.

कुशाबाने कोपर हाणलं त्याच्या बरगडीत. जिवाच्या आकांताने. चाक सरळ. ब्रेक. सगळा जीव पायात. टायर ओरडले, पोती सरकली, बाया एकमेकींवर कोसळल्या. पाडी दिव्यात होती. मग बॉनेटखाली होती.

धक्का नाही.

काहीच नाही...

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. दिवे चालू. समोर मोकळा रस्ता.

चांगू रडत होता. "घातलीस दादा... देवीच्या जनावरावर घातलीस..."

कुशाबाचा पाय ब्रेकवरच. त्याने काढला नाही. तो डोंगराकडे बघत होता. उस्ताद म्हणाला होता ना, मागून काय येतं ते बघ.

एक घटका गेली असेल, नाहीतर एक क्षण. त्याला सांगता येत नाही.

मग डोंगराच्या पायथ्याशी लुगडं हललं.

बाई होती. उजेडातून चालत आली. घाई नाही. हातात दाव्याचं टोक, आणि दावं मागे जमिनीवरून फरफटत. दिव्यांच्या पुढून गेली. तिची सावली... कुशाबा म्हणतो, मी सावली बघायला विसरलो. खोटं कशाला सांगू?

ती चांगूच्या दाराशी आली. दरीच्या अंगाला.

"पाडी बगितलीस काय रं माजी?"

साधं विचारलं. जसं कोणी बांधावरून विचारतं. आवाजात ना राग, ना रडं. आणि चांगूने... काय सांगू तुम्हाला. चांगूने दार उघडलं. आपल्यात रीत आहे ना, कोणाचं जनावर हरवलं की दोन पावलं बरोबर जायचं, बोट दाखवायचं. तसा तो खाली उतरला. डोळे उघडे. तोंडाने म्हणतोय, "हां... हितनंच गेली. चल, दावतो."

तो चालायला लागला. कडेकडे.

कुशाबा ओरडला, "चांग्या! मागं फिर!"

चांगूला ऐकू नाही.

आता कुशाबाची पंचाईत बघा. उतरून धावावं, तर ब्रेकवरचा पाय काढावा लागतो. हँडब्रेक धरत नाही, गिअरवर भरवसा नाही. उतार. भरलेली गाडी. पाय काढला की गाडी निघाली, आणि बाया वर. त्याने पाय काढला नाही. शिव्या दिल्या, देवाला हाक मारली, पण पाय नाही काढला. घामाने पायाखालची पट्टी ओली झाली होती म्हणे, पौषात.

"वयनी!" तो ओरडला. "वयनी, चांग्याला धर!"

माझी वहिनी तेव्हा पन्नाशीची. अंगाने दणकट, तोंडाने त्याहून. मागच्या फळीवरून तिने उडी टाकली, गुडघा फुटला. तशीच पळाली. चांगूचा सदरा तिच्या हाताला लागला तेव्हा त्याच्या पुढे फार रस्ता उरला नव्हता.

तिने त्याला मागे खेचला. खाली पाडला. आणि त्याच्या अंगावर एक पाय ठेवून उभी राहिली. हे ती अभिमानाने सांगते. मग तिने समोर बघितलं.

आणि ओळखलं.

"बया?"

बाई थांबली. तोंड वळवलं. वहिनी म्हणते, होती तशीच होती. कपाळावर गोंदण, आणि डाव्या नाकपुडीवर चुन्याचा डाग. मरायच्या दिवशी घराला चुना काढत होती ती.

"गोदू... पाडी खाली गेली गो. ये. बगून येऊ."

"नाय येत."



"जरा धर गो." बयाने दावं पुढे केलं. "हात भरून आले माजे. जरा धर."

वहिनीचा हात पुढे गेला. तिने मला सांगितलंय, मी मुद्दाम नाही केला, गेला आपला. जन्मभर एकमेकींच्या कळश्या धरल्या, मुलं धरली. कोणी धर म्हणालं की धरायचं. बोटं दाव्यापासून एवढ्यावर राहिली. तेव्हा तिला कळलं, की दावं मागे जमिनीवर नाहीये. ते कडेवरून खाली गेलंय. आणि ताणलेलं आहे. खाली काहीतरी आहे, आणि ते ओढतंय.

तिने हात मागे घेतला. घट्ट मूठ केली. आणि मग वहिनी चिडली. ती चिडली म्हणजे आमच्या घरात भांडीसुद्धा गप्प राहतात.

"नाय धरत! ऐकलंस? मी नाय धरत, चांग्या नाय धरत, कोनच नाय धरत. तुझी पाडी गेली, बया. मला काय वाईट नाय वाटलं? आठ दिवस माझ्या चुलीवर दूध ठेवलं नाय मी. पन म्हनून तू गाड्या खाली घालणार? त्या बांबूवाल्याला तीन पोरं होती. तीन! त्येंनी तुझं काय घेतलं होतं?"

बयाने दावं पुढेच धरलं होतं.

"आनि वाट कसली मागतेस? वाट दिली म्हनून मेलं ते. आमी नाय देत वाट. देवीला सांग जाऊन, गोदू म्हनाली, नाय देत!"

दावं कडेवर घासल्याचा आवाज. करर्... करर्...

मग वहिनीचा आवाज उतरला. ती म्हणते, का कोण जाणे, मला एकदम तिची दया आली. एवढी वर्षं ते ओझं दोन हातांत धरून उभी आहे बाई.

"बया," ती म्हणाली. "सोड गो ते."

...

"सोड. तुझ्यानं नाय येत ती वर. सोड, बाय माजे."

 कुशाबाचा पाय अजून ब्रेकवरच होता. पोत्यांवरच्या बाया एकमेकींचे हात धरून.

बयाने हातांकडे बघितलं. आपल्याच.

नंतर डोंगराच्या कडेला उजेड झाला. आधी झाडांचे शेंडे, मग रस्ता. चंद्र वर आला. आणि रस्त्यावर चांगू पडलेला, त्याच्यावर पाय ठेवून माझी वहिनी, आणि तिसरं कोणी नाही. तिने दावं सोडलं की नाही, हे वहिनीला विचारलं तर ती म्हणते, मला दिसलं नाही. जे दिसलं नाही ते ती सांगत नाही.

पोत्यांवरून कोणीतरी हात जोडले आणि बारीक आवाजात म्हणालं, "बायांनो, चंद्र बगा. उपास सोडा." मग सगळ्या एकदम रडायला लागल्या. दोघींनी चाकांखाली दगड लावले. तेव्हा कुठे कुशाबाने पाय काढला.  

गाडी वाडीत आणून त्याने आंब्याखाली लावली ती तशीच. कोणी हात लावला नाही.

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? भूत गेलं, पण गावकी कुठं जाते! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, गावकीची तर मेल्यावरही जायची नाही. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी देवळात सभा. चांगूने मामाला सगळं खरं सांगितलं होतं, स्वतः कसा कडेला चालला होता तेही. पण येसाजीला त्यातलं एकच ऐकू आलं.

"गाडी मधून घेतलीस. देवीच्या पाडीवर घातलीस. त्यात अष्टग्रही तोंडावर. कुशा, तू वाडी बुडवणार."

कुशाबा म्हणाला, "मी बाया आनल्या."

"पाडीला वाट दिली नायस."

"नाय दिली. उद्याबी नाय देनार."

"मग तू वाळीत."

मी तिथं होतो. कुशाबाचं तोंड मी बघितलं. त्याच्या डोळ्यांपुढे शकू उभी होती, हे कोणालाही कळलं असतं. पण मान खाली घातली नाही गड्याने.

तेवढ्यात देवळाच्या पायऱ्यांवर गलका झाला. वहिनी आली. गुडघ्याला फडकं बांधलेलं. तिच्यामागे कालच्या गाडीतल्या सगळ्या. आमच्या गावकीत बाईने पायरी चढायची नसते. वहिनी पायरी चढली.

"येसाजीभावजी, आमालाबी टाका वाळीत. गाडी मधून गेली तवा आमी तिच्यात होतो. आमीबी वाट दिली नाय."

"बाईमानसाचं काम नाय हे, गोदू."

"बरं. मग आजपासून वाळीतल्या बाईच्या हातचं कोनी खायाचं नाय. पानी आमचं नाय, विस्तव आमचा नाय. ह्या समद्यांच्या घरात आमीच रांधतो. भावजी, तुमची धाकटी सून पन कालच्या गाडीत होती. संध्याकाळी भाकरी कोन भाजतो ते आत्ताच ठरवा, म्हंजे पुरुषांना पीठ मळायला शिकवाया बरं पडंल."

पाठीमागून एक म्हातारा फिस्सकन हसला. मग दुसरा. येसाजी लाल झाला. पण माणूस हटवादी. तो म्हणाला, हसण्यावारी नेऊ नका, देवीचं रक्त सांडलंय, गाडीवर डाग असणारच. डाग दाखवतो, मग बोला.

सगळी सभा उठून आंब्याखाली गेली. मी पुढेच होतो.

त्या दिवसानंतर कुशाबाला वाळीत टाकायची भाषा कोणी केली नाही. फाल्गुनात शकूचं लग्न लागलं, अक्षता टाकायला येसाजी पहिल्या रांगेत. वाट देण्याचा नियमही कोणी रद्द केला असं झालं नाही, तो नुसता बोलायचा बंद झाला. आजतागायत त्या वळणावर आपली गाडी दरीत गेलेली नाही. पण हे मी तुमच्या समाधानासाठी सांगतोय. आंब्याखाली काय होतं ते वेगळं.

महाडपासूनची धूळ गाडीवर बोटभर होती. टपावर, दारांवर, पत्र्यावर, सगळीकडे कोरडी लाल धूळ. पुढे येऊन बघितलं. पोचा नाही. रक्ताचा थेंब नाही. पण बॉनेटवर, खालपासून वर काचेपर्यंत, धूळ गेलेली. पट्टे पट्टे. हाताच्या पंजाएवढे रुंद, एकाशेजारी एक, वरच्या बाजूला निमुळते. गाय आपल्या वासराला चाटते ना, तसे.

ऊन रणरणत होतं. पत्रा तापलेला, हात ठेववत नव्हता.

येसाजी पुढे झाला. त्याने एका पट्ट्यावर बोट ठेवलं. बघितलं. धोतराला पुसलं. पुन्हा ठेवलं.

ओलं होतं.